मोगलाई

मोगलांचे राज्य, मोगलांच्या ताब्यातील मुलूख, मराठ्यांच्या महसूलव्यवस्थेतील मोगलांचा हिस्सा, हैदराबादच्या निजामाचे राज्य व त्या राज्याचा काळ, आणि लाक्षणिक अर्थाने अंदाधुंदीचा वा जुलमाचा कारभार, अशा विविध अर्थांनी मराठीत रूढ असलेला शब्द. जुन्या लेखनात तो ‘मोंगलाई’ असा सानुस्वार आढळतो. ‘पेशवाई’प्रमाणेच हा शब्दही मुळात सत्तेचा वाचक होता, सत्तेवरून तो मुलखाकडे व मुलखावरून काळाकडे गेला. मात्र पेशवाई म्हटले, की साधारणपणे १७१४ ते १८१८ हा काळ डोळ्यांपुढे येतो. मोगलाई कोणत्या वर्षी सुरू झाली व कोणत्या वर्षी संपली, असे विचारले असता तसे एकच उत्तर देता येत नाही. इतिहासविषयक मराठी लेखनात या संदिग्धतेमुळे बराच घोटाळा झालेला आहे. शब्दाचे सर्व अर्थ ज्या भूभागाला कधी ना कधी लागू पडले, असा जालना जिल्ह्यातील परतूरचा परिसर प्रस्तुत नोंदीत उदाहरणादाखल घेतला आहे.

पाथरी–परतूरचा हा प्रदेश बहमनी राज्यानंतर वऱ्हाडच्या इमादशाहीकडे व पुढे १५१८ मध्ये पाथरी जिंकली गेल्यावर अहमदनगरच्या निजामशाहीकडे आला. चांदबिबीने १५९६ च्या तहान्वये वऱ्हाड मोगलांना दिले. अकबराच्या दप्तरात पाथरी हे वऱ्हाड सुभ्यातील एक सरकार म्हणून नोंदले गेले आहे. मलिक अंबरच्या हयातीत (मृ. १६२६) मोगलांचा येथील अंमल अखंड नव्हता, तथापि अहमदनगरचे राज्य १६३६ मध्ये संपुष्टात आल्यावर तो स्थिर झाला. शब्दार्थाने जिला मोगलाई म्हणावे ती हीच, आणि निजाम-उल्-मुल्क आसफजाह दख्खनमध्ये स्वतंत्रपणे कारभार करू लागला त्या १७२४ सालापर्यंत ती टिकली. ह्या मोगलाईत औरंगजेबाची दख्खनमधील दीर्घ युद्धमोहीम येते, तशीच तो दख्खनचा सुभेदार असताना (१६५२–५७) मुर्शिद कुलीखानाने केलेली जमीनमहसुलाची काळजीपूर्वक व्यवस्थाही येते. पुढे ज्या शब्दाला बेबंदपणाचा अर्थ चिकटला, त्या शब्दाच्या मूळ काळातच जमिनीच्या प्रतवारीची व पिकाच्या मोजणीची खटपट झालेली होती, ही गोष्ट कोशकारांनी सहसा लक्षात घेतलेली नाही.

शब्दाचा दुसरा अर्थ हिशेबी स्वरूपाचा आहे. बाळाजी विश्वनाथाने १७१९ मध्ये दिल्लीहून स्वराज्य, चौथाई व सरदेशमुखी यांच्या सनदा आणल्या. औरंगाबाद, वऱ्हाड, खानदेश, बीदर, विजापूर व हैदराबाद या दख्खनच्या सहा सुभ्यांतून शेकडा पंचवीस चौथाई व शेकडा दहा सरदेशमुखी वसूल करण्याचा हक्क मराठ्यांना मिळाला. चौथाईचीही राजबाबती, मोकासा, साहोत्रा व नाडगौडा अशी अंतर्गत वाटणी होती. ह्या सर्व बाबी वजा जाता मोगलांच्या सरकारात जमा व्हावयाचा जो भाग उरे, त्याला मराठी दप्तरात ‘मोगलाई’ अथवा ‘मोगलाई अंमल’ असे नाव मिळाले. एकाच गावच्या जमाबंदीत स्वराज्य, सरदेशमुखी व मोगलाई ही शीर्षके शेजारीशेजारी मांडलेली असत. येथे मोगलाई म्हणजे मुलूखही नव्हे व काळही नव्हे. ती वहीतील एक बाब होय. गावच्या शेतकऱ्याच्या दृष्टीने पाहता ज्या कुळाकडून मोगलाईचा ऐवज वसूल होई त्याच कुळाकडून चौथाईही वसूल होई, आणि दोन्हीकडच्या कमाविसदारांची भरपाई एकाच खळ्यावरून करावी लागे. मराठे आणि मोगल यांच्या सीमारेषा नकाशावर काढणाऱ्यांनी ही दुहेरी वसुली ध्यानात ठेवणे आवश्यक आहे. अशी रेषा अठराव्या शतकातील परतूरसारख्या गावाच्या एका बाजूने जात नव्हती. ती गावाच्या हिशेबातून जात होती.

निजामाला ‘मोगल’ म्हणण्याचा प्रघात ह्याच काळातला. पालखेडच्या लढाईनंतरच्या मुंगी-शेवगावच्या तहापासून (१७२८) उदगीर (१७६०), राक्षसभुवन (१७६३) व खर्डा (१७९५) या लढायांपर्यंतच्या मराठी पत्रव्यवहारात निजामाच्या फौजेचा निर्देश ‘मोगल’ असा वारंवार येतो. स्वतः निजामास ‘नबाब’ म्हटलेले असते. निजाम व्यवहारतः स्वतंत्र झाला होता, हे पुण्याच्या मुत्सद्यांना ठाऊक नव्हते असे नाही. तरीही त्यांनी हा शब्द टिकविला, यामागे केवळ सवय नसावी. मराठ्यांचा चौथाईचा हक्क बादशाही सनदेवर आधारलेला होता. निजाम हा बादशहाचा सुभेदार मानला, तरच ती सनद त्याच्यावर बंधनकारक ठरते. तो स्वतंत्र राजा मानला, तर सनदेचे बळ जाते व मागे केवळ तलवारीचे बळ उरते. ह्या दृष्टीने ‘मोगल’ हे संबोधन म्हणजे हक्काचा पुनरुच्चार होता, असे म्हणण्यास जागा आहे. निजामालाही ते नाकारण्याचे कारण नव्हते. त्याच्या राज्यात नाणी दिल्लीच्या बादशहाच्या नावाने पडत व ही प्रथा १८५७ च्या उठावानंतर दिल्लीची बादशाही संपेपर्यंत चालू राहिली. तेव्हा निजामाच्या राज्याला मोगलाई म्हणणे हे कायद्याच्या भाषेत १८५७ पर्यंत बरोबरच होते. त्यानंतरची नव्वद वर्षे मात्र हा शब्द निव्वळ रूढीने चालला. चौथाईचा प्रश्न तर त्याआधीच, १८२२ च्या इंग्रज–निजाम तहाने निकालात निघाला होता.

पेशवाई बुडाल्यावर शब्दाचा प्रादेशिक अर्थ बळावला. अहमदनगर, सोलापूर, खानदेश या इंग्रजी जिल्ह्यांतील माणसे सरहद्दीपलीकडच्या मुलखाला सर्रास मोगलाई म्हणू लागली. सोयरीक मोगलाईत झाली, कर्ज बुडवून कूळ मोगलाईत गेले, बैल मोगलाईच्या बाजारातून आणले, अशी ही बोलण्याची रीत होती. ह्या अर्थातील विसंगती परतूरच्या उत्तर सीमेवर विशेष स्पष्ट होते. निजामाने १८५३ च्या तहाने वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली दिले. १९०२ मध्ये ते सालिना पंचवीस लाख रुपयांच्या मोबदल्यात कायमच्या पट्ट्याने गेले. सार्वभौमत्व मात्र कागदोपत्री निजामाचेच राहिले आणि १९३६ च्या करारातही ते मान्य करण्यात आले. म्हणजे मंठ्याकडून लोणारकडे जाणारा वाटसरू निजामाच्या एका मुलखातून निजामाच्याच दुसऱ्या मुलखात जात होता. लोकांच्या दृष्टीने मात्र तो मोगलाईतून बाहेर पडत होता, आणि लोकांची ही समजूत चुकीची म्हणता येणार नाही. वाटेत करोडगिरीचा नाका लागे. हाली शिक्क्याचा रुपया मागे पडून कलदार रुपया सुरू होई. सात हालीला सुमारे सहा कलदार असा भाव असे. कचेरीची भाषा उर्दूऐवजी इंग्रजी–मराठी होई, आणि अजूर, दय, बहमन अशा महिन्यांचे फसली साल संपून इंग्रजी तारीख लागे. याउलट १८५३ च्याच तहाने गेलेला नळदुर्गचा प्रदेश १८६० मध्ये निजामाकडे परत आला, म्हणजे तेथे मोगलाई सात वर्षे जाऊन पुन्हा आली. शब्दाचा विषय राजाचे नाव नसून कचेरी, नाणे व नाका हा होता.

येथे एक गोष्ट नोंदविणे अगत्याचे आहे. प्रादेशिक अर्थाने ‘मोगलाई’ हा मुख्यतः बाहेरून पाहणाऱ्यांचा शब्द होय. राज्याचे अधिकृत नाव ‘ममालिके महरूसा सरकारे आली’ असे लांबलचक होते व उर्दू लेखनात ‘आसफिया’, ‘आसफजाही’ ही विशेषणे चालत. पुण्यामुंबईच्या वाचकाला मोगलाई या शब्दाने मागासलेला, अंधारलेला, आपल्यापासून तुटलेला प्रदेश सूचित होई. त्या प्रदेशातील मराठी माणसांनी स्वतःला काय म्हणवून घेतले, याचा सर्वांत ठळक पुरावा परतूर येथेच मिळतो. हैदराबाद संस्थानातील मराठी भाषिकांच्या ‘महाराष्ट्र परिषदे’चे पहिले अधिवेशन १९३७ मध्ये परतूर येथे गोविंदराव नानल यांच्या अध्यक्षतेखाली भरले. त्या वेळी संस्थानात सभास्वातंत्र्य नव्हते. १९२९ च्या त्रेपन्न क्रमांकाच्या गश्तीने, म्हणजे परिपत्रकाने, सभा-संमेलनांवर पूर्वपरवानगीचे बंधन घातलेले होते. तेलुगू भागात आंध्र महासभा व कन्नड भागात कर्नाटक परिषद काम करीत होती. मराठी भागाच्या संघटनेस त्याच धर्तीवर भाषिक नाव मिळाले, असे याचे साधे स्पष्टीकरण देता येते. पण नावाचे महत्त्व त्याने कमी होत नाही. महाराष्ट्र नावाचे राज्य अस्तित्वात येण्यास अद्याप तेवीस वर्षे अवकाश होता, आणि ज्यांना बाहेरचे लोक मोगलाईतले म्हणत, ते लोक एका तालुक्याच्या गावी ‘महाराष्ट्र’ हे नाव घेऊन एकत्र येत होते. पुढल्याच वर्षी परिषदेचे अधिवेशन लातूरला झाले. स्टेट काँग्रेसवर १९३८ मध्ये बंदी आल्यानंतर तर ह्या भाषिक परिषदा हेच राजकीय जागृतीचे उघड व्यासपीठ उरले. मराठवाड्याच्या ह्या काळाच्या इतिहासाला मोगलाई हे एकच शीर्षक देणाऱ्या लेखकाला परतूरचे अधिवेशन कोठे बसवावे हे कळत नाही; बहुधा तो ते गाळतो, किंवा मुक्तिसंग्रामाची पूर्वतयारी म्हणून एका वाक्यात उरकतो.

लाक्षणिक अर्थ आजही जिवंत आहे. ‘ही काय मोगलाई आहे?’, ‘मोगलाई माजली’ असे वाक्प्रयोग निजामाच्या राज्याचा गंध नसलेल्या माणसाच्याही तोंडी येतात. ह्या अर्थाला ऐतिहासिक आधार नाही, असे नाही. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात, विशेषतः चंदुलालच्या कारकीर्दीत, महसुलाची वसुली मक्त्याने दिली जाई. मक्तेदार वरचेवर बदलत, आणि जो येई तो आपल्या मुदतीत होईल तेवढे ओरबाडून घेई. अरब व रोहिल्यांच्या पलटणींचा पगार थकला, की त्यांना महसूलच तोडून दिला जाई. पहिला सालारजंग १८५३ मध्ये दिवाण झाल्यावर ही पद्धत क्रमाने मोडण्यात आली. १८६५ च्या सुमारास जिल्हाबंदी होऊन तालुकदार व तहसीलदार नेमले गेले आणि जुन्या देशमुख–देशपांड्यांना वसुलीतून बाजूला करून रुसूम बांधून देण्यात आला. सालारजंगानंतरच्या राज्यकारभाराची टीका करावयाची, तर ती अंदाधुंदीची करता येत नाही. नागरी हक्कांचा अभाव, मातृभाषेतील शिक्षणाची कुचंबणा, जहागिरींतील वेठ आणि प्रातिनिधिक संस्थांची टाळाटाळ ही त्या राज्याची खरी व्यंगे होत. ती एका सुसंघटित, कागदपत्रे चोख ठेवणाऱ्या राज्याची व्यंगे आहेत. शिवाय गावच्या कुळाची गाठ पडे ती पाटील, पटवारी, सावकार व गिरदावर यांच्याशी. ह्यांतील बहुसंख्य माणसे गावचीच, मराठी बोलणारीच असत. ‘मोगलाई’ म्हणताच जुलमाचे सारे खापर एका परक्या दरबारावर फुटते आणि वतनदारीचा व सावकारीचा भाग नजरेआड होतो. शब्दाची ही सोय अनेकांना मानवली आहे. परकेपणाची छटा ह्या शब्दकुळात किती खोल गेली आहे, याचे एक निरुपद्रवी उदाहरण वनस्पतींच्या नावात सापडते. ‘मोगली एरंड’ ही अमेरिकेतून आलेली वनस्पती असून मोगलांशी तिचा काही संबंध नाही. तिच्या नावात ‘मोगली’ म्हणजे केवळ ‘बाहेरची’.

मोगलाईला पर्याय म्हणून जे शब्द पुढे आले तेही सदोष आहेत. ‘निजामशाही’ हा त्यांतील सर्वांत घोटाळ्याचा. ह्या नावाचे राजघराणे अहमदनगरला १४९० ते १६३६ या काळात होऊन गेले व हाच प्रदेश काही काळ त्याच्या ताब्यात होता. परतूरहून फार दूर नसलेल्या सिंदखेडच्या लखुजी जाधवांचा वध १६२९ मध्ये दौलताबादेस झाला तो अहमदनगरच्या निजामशहाच्या दरबारात. त्या निजामशहाचा हैदराबादच्या निजामाशी वंशाने वा राज्याने कोणताच संबंध नाही. एकीकडे निजामशाह हे घराण्याचे नाव, दुसरीकडे निजाम-उल्-मुल्क ही मोगल बादशहाने दिलेली पदवी. असे असूनही व्याख्यानांतून व वृत्तपत्रीय लेखांतून लखुजींपासून १९४८ पर्यंत एकच ‘निजामशाही’ चालत आल्याचे वर्णन वाचावयास मिळते. ‘निजामी राजवट’ हा प्रयोग तुलनेने निर्दोष आहे, परंतु तिचा शेवट तो सांगत नाही. शेवटचा निजाम मीर उस्मान अलीखान (कार. १९११–४८) याची सत्ता सप्टेंबर १९४८ मध्ये संपली, तरी तो १९५० ते १९५६ या काळात हैदराबाद राज्याचा राजप्रमुख होता, जहागिरी १९४९ मध्ये रद्द झाल्या त्या विनियमालाही १३५८ फसली हेच साल जोडलेले आहे.

‘रझाकारी’ ह्या शब्दाचे स्वरूप निराळे आहे. कासिम रझवी याच्या नेतृत्वाखालील रझाकार संघटनेने १९४७-४८ मध्ये जो हिंसाचार केला, त्यावरून त्या काळाला लोकांनीच हे नाव दिले. मराठवाड्यातील वृद्ध माणसे जन्म, लग्न व स्थलांतर यांचा काळ ‘रझाकारीच्या साली’ किंवा ‘पोलीस ॲक्शनच्या आधी’ असा सांगत. आतून आलेला, अनुभवाने घडलेला म्हणून हा शब्द मोगलाईहून अधिक प्रामाणिक आहे. त्याचीही मर्यादा आहे. तो १७ सप्टेंबर १९४८ ला थांबतो. त्यानंतरच्या आठवड्यांत अनेक ठिकाणी मुसलमान वस्त्यांवर सूडाचे हल्ले झाले. केंद्र शासनाने पंडित सुंदरलाल यांच्या नेतृत्वाखाली पाठविलेल्या समितीने उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर व नांदेड हे सर्वाधिक झळ पोचलेले जिल्हे म्हणून नोंदविले. ह्या दिवसांना मराठीत रूढ नावच नाही. ज्या काळाला नाव नसते त्याची आठवणही काढली जात नाही, ही अडचण कोशकाराने निदान नमूद करावयास हवी.

अलीकडे ‘निजामकालीन’ ह्या विशेषणाला अनपेक्षित महत्त्व आले आहे. मराठवाड्यातील मराठा समाजातील व्यक्तींना कुणबी जातीची प्रमाणपत्रे देण्याची कार्यपद्धती ठरविण्यासाठी राज्य शासनाने २०२३ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली. ज्या आंदोलनातून हा प्रश्न पुढे आला त्याचे केंद्र जालना जिल्ह्यातीलच अंबड तालुक्यातील आंतरवाली सराटी हे होते. ‘निजामकालीन नोंदी’ हा शब्दप्रयोग त्यानंतर घरोघर पोचला, आणि सप्टेंबर २०२५ मधील शासन निर्णयाने हैदराबाद गॅझेटियरचाही त्यात समावेश झाला. बाजूने वा विरोधात मत काही असो, शब्दाच्या अर्थावर माणसांचे हक्क अवलंबून राहण्याची ही वेळ आहे. व्यवहारात निजामकालीन म्हणजे मुख्यत्वे जिल्हाबंदीनंतरचे, उर्दू व मोडी लिपीतील महसुली, शालेय व जनगणनेचे कागद होत. अठराव्या शतकातील फारसी फर्माने व चौथाईचे हिशेब निजामाच्याच काळातले असले, तरी त्यांची जात, भाषा व प्रयोजन वेगळे आहे. कुळाचे नाव व जात लिहिण्याची पद्धत त्यांत एकसारखी नाही. कोणतीही जुनी गढी, बारव किंवा दर्गा दिसला, की त्यास निजामकालीन म्हणण्याची जी सैल रीत पडली आहे, ती कागदपत्रांच्या बाबतीत चालणार नाही.

प्रस्तुत लेखकाच्या मते मोगलाई हा शब्द इतिहासलेखनातून हद्दपार करण्याची आवश्यकता नाही. त्याचे क्षेत्र ठरवून घ्यावयास हवे. सतराव्या शतकातील मोगल सत्ता, अठराव्या शतकातील महसुलाची बाब आणि एकोणिसाव्या–विसाव्या शतकांतील सरहद्दीपलीकडचा मुलूख ह्या तीन अर्थांनी तो साधार वापरता येतो, मात्र प्रत्येक वेळी कोणता अर्थ अभिप्रेत आहे हे सांगितले पाहिजे. कालखंडाचे नाव म्हणून ‘आसफजाही काळ’ (१७२४–१९४८) हेच वापरावे, आणि त्यातही १८५३ पूर्वीचा मक्तेदारीचा काळ, १८५३ नंतरचा सुधारणांचा काळ व १९३७ नंतरचा जनआंदोलनांचा काळ असे पोटभाग पाडावेत. दोनशे चोवीस वर्षांना एक विशेषण लावले, की चंदुलालचे मक्तेदार, सालारजंगाचे तहसीलदार आणि रझाकार ही सर्व एकाच रंगात रंगतात. परतूर तालुक्यासारख्या ठिकाणी काम करणाऱ्या अभ्यासकाला आणखी एक व्यवधान बाळगावे लागते. जालना जिल्हा १ मे १९८१ रोजी निर्माण झाला व त्यापूर्वी परतूर परभणी जिल्ह्यात होते. त्यामुळे येथील जुने कागद जालन्याच्या नावाखाली शोधल्यास हाती लागत नाहीत. ते परभणीच्या दप्तरात पाहावे लागतात आणि त्यांवरील सन फसली असल्याने त्यात ५९१ मिळवून इसवी सन काढावा लागतो. वर्ष ऑक्टोबरच्या सुमारास बदलत असल्यामुळे अजूर, दय व बहमनच्या आरंभीच्या तारखांना मात्र ५९० मिळवावे लागतात.